फ्लॉरेन्स एका दिवसात: दोन वेळा पक्क्या करा, बाकी शहर पायी

अर्नोकाठ:
रोम, बोलोन्या किंवा व्हेनिसला मुक्काम ठेवून फ्लॉरेन्स एका दिवसात कसं करावं, हे इथे वरचेवर विचारलं जातं. म्हणून एकच धागा काढतोय. भर घाला, चुकत असेल तर दुरुस्त करा.

आधी दोन वेळा पक्क्या करायच्या: ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायची आणि एका संग्रहालयात शिरायची. बाकी सगळं त्यांच्या आजूबाजूला बसतं. जुनं शहर एवढंसं आहे. सांता मारिया नोवेल्ला स्टेशनपासून दुओमो, म्हणजे मुख्य कॅथेड्रल, चालत दहा मिनिटं. तिथून सिन्योरिया चौक सात-आठ मिनिटं, पुढे पोन्ते वेक्यो, म्हणजे जुना पूल, पाच. चालण्यात वेळ जात नाही, रांगेत जातो.

मला पटणारा क्रम असा. सकाळी साडेनवाच्या सुमारास घुमट. उतरल्यावर कॅथेड्रलच्या मागचं दुओमोचं संग्रहालय, दीड तास. साडेबाराला जेवण. दोन-अडीचला उफ्फिझी हे चित्रांचं संग्रहालय, साधारण पाचपर्यंत. मग पोन्ते वेक्योवरून नदीपार, सान निकोलो वेशीजवळच्या पायऱ्यांनी वर टेकडीवरचा चौक पियात्साले मिकेलान्जेलो आणि पायांत जीव असेल तर आणखी थोडं वर सान मिनियातोचं चर्च. परत यायला १२ किंवा १३ नंबरची बस. ट्रामच्या कामांमुळे थांबे सरकतात, त्यामुळे त्या दिवशीचा थांबा ॲपवर बघा.

घुमट सकाळी घेण्याचं कारण साधं आहे. आत लिफ्ट नाही, हवा खेळत नाही, पायऱ्या ४६३. जुलैच्या दुपारी बाहेर ३५ अंशांच्या वर असताना त्या जिन्यात शिरणं म्हणजे शिक्षा. उफ्फिझी दुपारी घ्यायचं कारण असं की मोठमोठे गट सकाळीच आत घुसतात आणि तीननंतर बोत्तिचेल्लीच्या दालनात निदान चित्र दिसतं.

आता तिकिटं. दुओमोच्या आवारासाठी तीन पास आहेत आणि लोक फसतात ते इथेच. घुमट फक्त ब्रुनेलेस्की पासमध्ये येतो, ३० युरो. जोत्तो पास २० चा आहे, त्यात घंटामनोरा आहे पण घुमट नाही. गिबेर्ती पास १५ चा, त्यात दोन्ही नाहीत. बाप्तिस्मागृह, संग्रहालय आणि तळघरातलं सांता रेपाराता हे जुनं चर्च एवढंच. पास तीन दिवस चालतो, पण घुमटाची वेळ एकदाच निवडायची असते आणि नंतर बदलता येत नाही. हंगामात या वेळा कित्येक दिवस आधी संपतात. मग तेच तिकीट 'मार्गदर्शकासह' म्हणून दुप्पट भावात विकणारी संकेतस्थळं पुढे येतात. आधी अधिकृत ठिकाणी बघा. कॅथेड्रलच्या आत जायला तिकीट नाही, रांग मात्र वेगळी आणि लांब.

चौकस:
घुमट आणि घंटामनोरा दोन्ही चढायचे का? एकच चढायचा तर कुठला?

दगडधोंडे:
एकाच दिवसात दोन्ही नको. ४६३ अधिक ४१४ पायऱ्या केल्यावर संध्याकाळी टेकडी चढायला गुडघे साथ देत नाहीत.

निवड कशासाठी चढताय यावर आहे. फोटोसाठी मनोरा, कारण मनोऱ्यावरून घुमट दिसतो आणि घुमटावर उभं राहून घुमटच दिसत नाही. शिवाय मनोऱ्याला अधेमधे सज्जे आहेत, दम खाता येतो. वर जाळी आहे, तिच्यातून कॅमेरा काढावा लागतो. जोत्तोने १३३४ मध्ये सुरू केलेला हा मनोरा तो गेल्यावर आंद्रेआ पिसानो आणि फ्रांचेस्को तालेन्ती यांनी १३५९ पर्यंत पुरा केला. उंची जवळपास ८५ मीटर.

बांधकाम समजून घ्यायचं असेल तर मात्र घुमटच. चढताना तुम्ही अक्षरशः त्या बांधकामाच्या पोटातून जाता. कॅथेड्रलचं काम १२९६ मध्ये आर्नोल्फो दि काम्बियोने सुरू केलं. शंभर वर्षांनंतरही मधला अष्टकोन उघडाच होता, कारण सुमारे ४५ मीटर रुंदीचा घुमट तोलून धरायला खालून लाकडी साचा उभा करायचा तर तेवढं लाकूडच मिळण्यासारखं नव्हतं. ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात साच्याशिवाय घुमट उभा केला. त्यात तीन गोष्टी आहेत आणि तिन्ही चढताना बघायला मिळतात.

पहिली: घुमट दोन आहेत, एकात एक. आतला जाड, बाहेरचा पातळ, दोघांना जोडणाऱ्या दगडी-विटांच्या फासळ्या. तुमचा जिना या दोन कवचांच्या मधून जातो. म्हणून वर जावं तशी एका बाजूची भिंत तुमच्यावर झुकत येते.

दुसरी: विटांची मांडणी. आडव्या थरांमध्ये ठरावीक अंतराने एकेक वीट उभी घातलेली दिसेल, आणि ह्या उभ्या विटांची रांग तिरकी वर चढत जाते. इटालियनमध्ये तिला 'स्पिनापेशे' म्हणतात, माशाच्या काट्यासारखी रचना. चुना ओला असताना कललेला थर आत घसरायला बघतो. उभ्या विटा त्याला आधीच्या, वाळलेल्या थरात अडकवून ठेवतात. त्यामुळे प्रत्येक कडं पुरं झालं की स्वतःच्या बळावर उभं राहायचं.

तिसरी: दगडी आणि लाकडी साखळ्या. घुमट खालच्या बाजूने बाहेर फाकू बघतो, त्याला पिंपाच्या पट्ट्यांप्रमाणे आवळलं आहे. लाकडी साखळीचा भाग जिन्यातून एके ठिकाणी दिसतो, बहुतेक लोक धापा टाकत पुढे निघून जातात.

जिना अर्ध्यावर तुम्हाला आतल्या सज्ज्यावर आणतो. तिथून वासारी आणि झुक्कारीने १५७२ ते १५७९ मध्ये रंगवलेला 'अंतिम न्याय' हाताच्या अंतरावर दिसतो. मागे रांग तुंबू नये म्हणून इथे थांबू देत नाहीत, तेव्हा नरकाचा भाग चालता चालताच बघा. शेवटचा टप्पा सर्वांत खडा, आतल्या कवचाच्या पाठीवरूनच पायऱ्या जातात आणि उतरणारे लोक समोरून येतात.

बंद जागेची भीती, हृदयाचा त्रास, गरोदरपण यांपैकी काही असेल तर तिकीटच काढू नका. मध्येच परत फिरणं फार अवघड.

अर्नोकाठ:
वरच्यात एवढंच जोडतो: प्रवेश उत्तरेकडच्या पोर्ता देल्ला मान्दोर्लामधून आहे, समोरच्या भव्य दर्शनी भागातून नाही. चुकीच्या रांगेत उभं राहून वेळ हुकवणारे रोज दिसतात. मोठी पिशवी, पाठीवरची सॅक आत चालत नाही. संग्रहालयाशेजारी सामानघर आहे, तिथे ठेवायला दहा-पंधरा मिनिटं धरा. उशिरा आलात तर पाच मिनिटांपलीकडे दया नाही.

आणि तो दर्शनी भाग बघून मध्ययुग वगैरे म्हणू नका. जुना अर्धवट दर्शनी भाग १५८७ मध्ये पाडला. आज दिसतो तो एकोणिसाव्या शतकातला, १८८७ मध्ये पुरा झालेला. हिरवा, पांढरा आणि गुलाबी संगमरवर इतका टवटवीत त्यामुळेच.

खडूफळा:
कॅथेड्रलच्या रांगेबद्दल माझं मत: दिवस एकच असेल तर सोडा. आतून ते रिकामं वाटतं, कारण चांगल्या वस्तू संग्रहालयात हलवल्या आहेत. गिबेर्तीची मूळ 'स्वर्गद्वारं' तिथे आहेत, १४२५ ते १४५२ एवढा काळ त्यांवर खपला. चौकात बाप्तिस्मागृहाला लावलेली प्रतिकृती आहे आणि तिच्यापुढेच सगळे फोटो काढतात. दोनातेल्लोची लाकडी माग्दालेना तिथे आहे. मिकेलान्जेलोने म्हातारपणी कोरलेला आणि स्वतःच हातोड्याने फोडलेला 'पिएता', म्हणजे मृत ख्रिस्ताला सावरणाऱ्यांचं शिल्प, तिथे आहे. गर्दी उफ्फिझीच्या मानाने नगण्य, लिफ्ट आहे आणि वरच्या गच्चीतून घुमट अगदी समोर. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी मात्र बंद.

रांग नसलीच आणि कॅथेड्रलमध्ये शिरलात तर मागे वळून मुख्य दाराच्या वरचं घड्याळ बघा. पाओलो उच्चेल्लोने १४४३ मध्ये रंगवलेलं. २४ तासांचं, काटा उलटा फिरणारा आणि दिवसाची मोजणी सूर्यास्तापासून. म्हणजे काटा २४ वर आला की सूर्य मावळला. वेशी बंद होण्याआधी शहरात पोचायला किती वेळ उरलाय हे त्यावरून थेट कळायचं.

बाप्तिस्मागृहात छताचं सोनेरी मोझेक बघायला जात असाल तर थांबा. २०२३ पासून त्याचं जतनकाम चालू आहे, परातीने छत झाकलेलं आहे. पासमध्ये आहे म्हणून डोकवा, त्यासाठी वेगळे पैसे घालू नका.

चौकस:
परात की परांची? :)

खडूफळा:
परांची, परांची. जेवणाची वेळ झाली होती.

मध्यमपदलोपी:
सगळे उफ्फिझी-उफ्फिझी करताहेत. मिकेलान्जेलोचा पुतळा 'डेव्हिड' न बघता परत यायचं? तो जिथे आहे ते आकादेमिया संग्रहालय आणि उफ्फिझी एकाच दिवशी होत नाही का?

दगडधोंडे:
होतं. पण त्या दिवशी घुमट सोडा. सकाळी सव्वाआठला आकादेमिया, सव्वानऊ-साडेनऊपर्यंत बाहेर. मग दहाच्या सुमारास दुओमोचा चौक, संग्रहालय, जेवण, दुपारी उफ्फिझी. तीन वेळांची तिकिटं एका दिवसात बसवायला गेलात तर एका गाडीच्या उशिरात तिन्ही बोंबलतात.

आकादेमियाला तास-सव्वा तास पुरतो. डेव्हिड ५.१७ मीटर उंच, १५०१ ते १५०४ मध्ये कोरलेला. त्याआधी दोन शिल्पकारांनी हात लावून टाकून दिलेला संगमरवराचा तो ठोकळा होता, अरुंद आणि उथळ. बाजूने बघितलात तर शरीर किती चपटं आहे ते लक्षात येतं. उजवा हात आणि डोकं प्रमाणाबाहेर मोठं वाटतं. मूर्ती मुळात कॅथेड्रलवर उंच बसवायची होती, हे त्याचं नेहमी दिलं जाणारं कारण. १८७३ मध्ये ती सिन्योरिया चौकातून आत हलवली. चौकातली प्रतिकृती १९१० ची.

डेव्हिडकडे धावत जाताना वाटेत दोन्ही बाजूंना मिकेलान्जेलोचे अपुरे 'बंदिवान' आहेत. अर्धी माणसं दगडातून बाहेर आलेली. छिन्नीचे घाव ताजे वाटतात. मूर्तिकलेत रस असेल तर डेव्हिडपेक्षा इथे जास्त वेळ द्या.

खडूफळा:
माझा उलट सल्ला. चित्रांचं विशेष वेड नसेल तर उफ्फिझी सोडा. आकादेमिया एक तास, घुमट, संग्रहालय, संध्याकाळ मोकळी. उफ्फिझी अडीच तासांपेक्षा कमी वेळात म्हणजे भोज्ज्याला शिवून येणं. 'व्हीनसचा जन्म' आणि 'प्रिमावेरा'पुढे हात उंचावून फोन, मग दालनांमागून दालनं, आणि काराव्हाज्जोची चित्रं येईपर्यंत डोळे मिटलेले.

अर्नोकाठ:
दोघांचंही बरोबर आहे, पण उफ्फिझीत जाणाऱ्यांनी एवढं करावं. मार्ग वरच्या मजल्यावरून सुरू होतो आणि खालच्या मजल्यावर संपतो, आणि काराव्हाज्जो खालच्या मजल्यावर, अगदी शेवटाकडे. वरच्या मजल्यावर बोत्तिचेल्ली, लेओनार्दोचं 'उद्घोषणा', मिकेलान्जेलोचं गोल 'तोन्दो दोनी' एवढं थांबून बघा, बाकीच्यांपुढून चाला. सिन्योरिया चौकातल्या लोज्जाच्या, म्हणजे उघड्या कमानदार मंडपाच्या, डोक्यावर कॅफेची गच्ची आहे, तिथे पाय सोडून बसा, मग खाली उतरा. खाली तिशियानचं 'उर्बिनोची व्हीनस' आणि काराव्हाज्जोची 'मेडुसा'. मेडुसा गोल, फुगीर ढालीवर रंगवलेली आहे, आणि ते समोरून घेतलेल्या फोटोत कधीच कळत नाही.

तिकीट २५ युरो, वेळ राखायचे ४ वेगळे. अठराखालच्या मुलांना, कोणत्याही देशाची असोत, सरकारी संग्रहालयं फुकट आहेत. राखणावळ मात्र भरावी लागते. १८ ते २५ ची दोन युरोंची सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे, भारतीय विद्यार्थी ओळखपत्रावर मिळत नाही. पासपोर्ट जवळ ठेवा. अर्ध्या लिटरपेक्षा मोठी पाण्याची बाटली आत नेऊ देत नाहीत.

चौकस:
वार कुठला घ्यावा?

अर्नोकाठ:
बुधवार, गुरुवार. सोमवारी उफ्फिझी आणि आकादेमिया दोन्ही बंद. त्यामुळे मंगळवारी तुंबलेली गर्दी. रविवारी कॅथेड्रल पर्यटकांना बंद, घुमटही दुपारीच उघडतो. महिन्याचा पहिला रविवार सरकारी संग्रहालयं फुकट असतात म्हणून मोहात पडू नका, त्या दिवशी वेळ राखता येत नाही आणि रांग चौकाबाहेर जाते. २४ जून हा शहराच्या ग्रामदेवतेचा, संत योहानाचा दिवस; रात्री आतषबाजी छान, दिवसा अर्धी दुकानं बंद.

रुळावरून:
गाड्यांचं लिहितो.

वेगवान गाडीने रोमहून दीड तास, मिलानहून दोनच्या आत-बाहेर, व्हेनिसहून सव्वादोन, बोलोन्याहून पाऊण तासाच्या आत. रोमहून साध्या प्रादेशिक गाडीने साडेतीन-चार तास लागतात. एका दिवसाच्या फेरीत तो बचतीचा मार्ग नाही.

कंपन्या दोन: ट्रेनइटालिया आणि इटालो. एकीचं तिकीट दुसरीच्या गाडीत चालत नाही, दोन्ही एकाच फलाटावरून सुटतात तरी. स्वस्त तिकीट त्या गाडीलाच बांधलेलं असतं; गाडी चुकली की गेलं. म्हणून सकाळचं तिकीट स्वस्तातलं आणि संध्याकाळचं बदलता येणारं घ्या.

स्टेशनचं नाव नीट वाचा. तुम्हाला हवं ते 'फिरेन्झे सांता मारिया नोवेल्ला'. काही गाड्या 'काम्पो दि मार्ते' किंवा 'रिफ्रेदी'ला थांबतात. तिथून प्रादेशिक गाडीने मुख्य स्टेशनला येता येतं, पण घुमटाची वेळ जवळ असेल तर धाबं दणाणतं.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं, फोनवरच्याला चेक-इन करायचं. विसरलात तर तिकीट असूनही दंड.

संप. इटालियनमध्ये 'शोपेरो'. आधी जाहीर होतो, शुक्रवारी जास्त. कामाच्या दिवशी प्रादेशिक सेवा सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ चालवणं बंधनकारक असतं. प्रवासाच्या आठवड्यात एकदा बातमी बघून ठेवा.

घुमटाची वेळ आणि गाडी पोचायची वेळ यांत निदान एक तास ठेवा. स्टेशनवर सामानघर आहे, मोठी बॅग तिथेच टाका; दुओमोपाशी ठेवायचं म्हणून चाकाची बॅग दगडी फरशीवरून ओढत नेऊ नका.

मुळशीकर:
भाड्याची गाडी घेऊन टस्कनी फिरणाऱ्यांसाठी काही?

रुळावरून:
गाडी शहरात नेऊच नका. जुन्या शहराभोवती 'झेडटीएल' म्हणजे मर्यादित वाहतूक क्षेत्र आहे. अडथळा नाही, पोलीस नाही, फक्त कॅमेरा. नंबरपाटीचा फोटो निघतो आणि दंडाची नोटीस कित्येक आठवड्यांनी घरी येते. भाडेकंपनी तुमचा पत्ता पोलिसांना दिल्याबद्दल आपला वेगळा आकार लावते. एकाच क्षेत्रात चारदा शिरलात तर चार दंड.

उपाय सोपा. ए-१ महामार्गावरून थेट आत शिरता येतं असा 'विला कोस्तान्झा' नावाचा वाहनतळ स्कांदिच्ची भागात आहे. महामार्ग न सोडता गाडी लावायची आणि तिथूनच टी-१ ट्राम पकडायची. मुख्य स्टेशन वीस-पंचवीस मिनिटं. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो, तो भारतातूनच काढून न्या.

पोटपूजा:
खादाडी राहिलीच.

शाकाहारींना टस्कनी अवघड नाही, पण नावांवर जाऊ नका. 'रिबोल्लिता' हे पाव, पांढरे राजम्यासारखे दाणे आणि काळसर पानकोबी यांचं दाट सार. 'पाप्पा अल पोमोदोरो' टोमॅटो आणि शिळ्या पावाचं. दोन्ही पोटभरीचं. पण रिबोल्लितात कधी मांसाचा रस्सा असतो, म्हणून 'चे ब्रोदो दि कार्ने?' असं विचारा. 'क्रोस्तीनी नेरी' दिसायला चटणी लावलेला पाव, असते कोंबडीची कलेजी. हातगाडीवर रांग दिसली की ती बहुधा 'लाम्प्रेदोत्तो'ची, म्हणजे गाईच्या चौथ्या जठराची. गोमांस वर्ज्य असणाऱ्यांनी पावात भरलेलं काहीही न विचारता घेऊ नये. कांदा-लसूण नको असेल तर 'सेन्झा आल्यो ए चिपोल्ला'. पार्मेजानो आणि पेकोरिनो चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, कडक पाळणाऱ्यांनी 'सेन्झा फोर्माज्जो' म्हणावं.

गोमांस खाणाऱ्यांसाठी: 'बिस्तेक्का आल्ला फियोरेन्तिना', म्हणजे गोमांसाचा जाड भाजलेला तुकडा, मेनूवर 'एत्तो' म्हणजे १०० ग्रॅमच्या भावाने लिहिलेली असते आणि एक तुकडा किलोच्या आसपास भरतो. एकट्याने मागवू नका. आतून ती लाल, अर्धकच्चीच येणार. पूर्ण शिजवून मागितली तर काही ठिकाणी नाहीच म्हणतात.

पाव अळणी लागला तर तक्रार करू नका, टस्कनीत पावात मीठ घालतच नाहीत. बिलावर 'कोपेर्तो' दोन-तीन युरो माणशी दिसेल, ती बसण्याची आकारणी. टिप वेगळी अपेक्षित नाही. कॉफी उभ्याने घेतली तर निम्म्याहून कमी.

पत्ता शोधताना: फ्लॉरेन्समध्ये एकाच रस्त्यावर दोन क्रमांकमाला आहेत. घरांचे आकडे निळे-काळे, दुकानं-खानावळींचे लाल, आणि लाल आकड्यापुढे 'आर' लिहितात. त्यामुळे २३ आणि २३ आर यांच्यात पन्नास-शंभर पावलांचं अंतर असू शकतं.

मेर्कातो चेन्त्राले, १८७४ चा लोखंड-काचेचा बाजार, स्टेशनपासून जवळ. तळमजल्यावरचा खरा बाजार दुपारी आवरतो, वरचा खाण्याचा मजला रात्रीपर्यंत चालतो. गटात प्रत्येकाची तऱ्हा वेगळी असेल तर इथे भांडण मिटतं. सँडविच घेऊन विया दे नेरीच्या पदपथावर किंवा उंबऱ्यावर बसकण मारू नका, त्याला दंड आहे. जेलातोचे रंगीत डोंगर रचलेलं दुकान टाळा. पिस्ता पोपटी दिसला तर पुढे चला, खरा पिस्ता मळकट असतो.

पाणी विकत घ्यायची गरज नाही. सिन्योरिया चौकात नेपच्यूनच्या कारंज्याच्या मागे फुकट पाण्याचा नळ आहे, साधं आणि बुडबुड्यांचं दोन्ही.

मुळशीकर:
सत्तरीच्या आईबाबांना घेऊन हा दिवस झेपेल का?

खडूफळा:
घुमट आणि मनोरा वगळून झेपेल. दुओमोचं संग्रहालय आणि उफ्फिझी दोन्हीकडे लिफ्ट आहे. पियात्साले मिकेलान्जेलोला जाताना टॅक्सी, येताना उतार पायी किंवा बस. फरशी ओबडधोबड आहे, नव्या चपला नकोत. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडी, सलवार-कमीज, पायजमा यांना काही अडचण नाही, अडचण तरुणांच्या अर्ध्या चड्ड्यांना. मधल्या वेळेत त्यांना सिन्योरियाच्या लोज्जात बसवा. सावली आहे, फुकट आहे आणि समोर चेल्लिनीचा मूळ 'पेर्सेउस' आहे, प्रतिकृती नव्हे. कारंज्यापुढे जमिनीत गोल शिळा आहे, तिथे २३ मे १४९८ ला साव्होनारोला या धर्मोपदेशक भिक्षूला फाशी देऊन जाळलं.

चौकात कोणी जमिनीवर चित्रं पसरून बसलं असेल तर लांबून जा. पाय पडला की भरपाई मागतात. खिसेकापू स्टेशनच्या तिकीटयंत्रांपाशी आणि बसमध्ये. यंत्रापाशी 'मदत' करायला येणाऱ्याला नको म्हणा.

करवीरकर:
इतकी चर्चा झाली आणि कोल्हापूरचा उल्लेख नाही? कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्येच वारले, वयाच्या एकविसाव्या वर्षी. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. दहनाची तिथे रीत नव्हती, खास परवानगी मिळवून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर, कास्चिने बागेच्या पश्चिम टोकाला, त्यांचं दहन झालं. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभारली. आराखडा चार्ल्स मँटचा, म्हणजे ज्याने पुढे कोल्हापूरचा नवा राजवाडा आखला तोच. आतला रंगीत अर्धपुतळा फुलर या शिल्पकाराचा. राजाराम कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते हेच. स्थानिक लोक 'मोनुमेन्तो आल्लिन्दियानो' म्हणतात. शेजारच्या १९७८ च्या तारांच्या पुलाचं नावही त्यावरूनच.

जागा बागेत असली तरी पर्यटकांच्या वाटेवर नाही. टी-१ ट्रामने कास्चिनेच्या थांब्यावर उतरलात तरी पुढे बागेतून तीनेक किलोमीटर चाल आहे. स्टेशनपासून जाऊन-येऊन पायी दोन तास सहज. सायकलने एका बाजूला पंचवीस मिनिटं, रस्ता सपाट, नदीकाठचा. भाड्याच्या सायकली ॲपवर मिळतात.

मध्यमपदलोपी:
हे माहीतच नव्हतं. मग वरच्या क्रमात कुठे बसवायचं?

अर्नोकाठ:
पियात्सालेच्या जागी. उफ्फिझी लवकर, एकच्या सुमारास घ्या, साडेतीनला बाहेर, सायकल, पाच-सव्वापाचपर्यंत परत. हिवाळ्यात पावणेपाचच्या आसपास सूर्य मावळतो आणि अंधारात ती बाग बरी नाही, तेव्हा डिसेंबरात हे सकाळी करा आणि घुमट दुपारी. जूनमध्ये उलट चैन आहे. नऊपर्यंत उजेड असतो, संगम आणि टेकडी दोन्ही होतं.

दगडधोंडे:
पोन्ते वेक्योवर कोणी सोनं घेणार असेल तर: इटलीत १८ कॅरटचं चालतं, शिक्का ७५० चा. आपल्या २२ च्या हिशोबाने भाव लावू नका, मजुरीच जास्त पडते. पूल १३४५ चा. आधी तिथे खाटीक बसायचे, १५९३ मध्ये वास येतो म्हणून ग्रँड ड्यूकने त्यांना हटवून सोनार बसवले. १९४४ च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा एक ठेवला. ७० युरोंपेक्षा जास्त खरेदी एका दुकानात झाली तर करपरतावा मिळतो. पासपोर्ट दाखवून अर्ज तिथेच भरून घ्या आणि युरोपीय संघ सोडताना शेवटच्या विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी शिक्का घ्या. आधी बॅग टाकली तर वस्तू दाखवता येत नाही आणि पैसे जातात.

करवीरकर:
@मध्यमपदलोपी, मंगळवारी सकाळी कास्चिनेत मोठा आठवडी बाजार भरतो, नदीकडचा रस्ता तंबूंनी भरलेला असतो. त्या दिवशी जाणार असाल तर दुपारी दोननंतर निघा.